शहाडच्या पुलावरून : दृश्य मोजायचे कसे?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड सोडते आणि आंबिवली येण्याआधी उल्हास नदीचा पूल ओलांडते. पुलावर चाकांचा आवाज बदलतो, आणि तेवढ्या वेळापुरती डब्याची खिडकी एकदम मोकळी होते. एरवी वर्तमानपत्रात डोके घालून बसलेली माणसेही या ठिकाणी मान वर करतात. खाली नदी, काठाने झाडी, एका अंगाला कारखान्यांची धुराडी, नव्या इमारतींच्या रांगा आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला मलंगगडाची ओळखीची आकृती. मग पूल संपतो आणि माना पुन्हा खाली जातात.

या अर्ध्या मिनिटाच्या दृश्याला काही किंमत आहे का? असल्यास ती मोजता येईल का? एखादा कारखाना, रस्ता किंवा वसाहत उभी राहताना पाणी, हवा आणि आवाज यांच्यावर होणारे परिणाम मोजण्याची रीत आता रूढ झाली आहे. डोळ्यांना जे दिसते त्याच्यावर होणाऱ्या परिणामाचे काय? पाश्चात्त्य देशांत गेल्या पन्नाससाठ वर्षांत याचे एक छोटेसे शास्त्र तयार झाले आहे. त्याला आपण दृश्यपरिणामांचे मूल्यमापन म्हणू. शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा या शास्त्राच्या अभ्यासक्रमात कोणी घातलेला नाही. पण शिकण्यासाठी याहून चांगली प्रयोगशाळा आम्हाला तरी सुचत नाही. कारण इथले दृश्य एकदाच बदलले नाही, थरावर थर चढत बदलत गेले.

सर्वांत जुना थर दगडाचा आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इ. स. १०६० चे. शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळातला शिलालेख तिथे आहे. मंदिर वालधुनी नदीच्या काठी, खोलगट जागी आहे आणि त्याचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावे असा. म्हणजे हे देऊळ दुरून दिसावे म्हणून टेकडीवर बांधलेले नाही. ओढ्याच्या वळणावर, झाडीत, जवळ गेल्यावर एकदम समोर यावे अशी त्याची जागा आहे. मंदिर आणि त्याच्या भोवतीची जागा यांचा हा संबंध पुढे आपल्याला लागणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवू.

दुसरा थर लोखंडाचा. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ साली धावली. १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली, १८५५ मध्ये शहाडवरून वाशिंदपर्यंत गेली आणि १८५६ मध्ये दुसरा फाटा अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोलीकडे निघाला. रेल्वेने दृश्यात भर टाकली ती रुळांची आणि पुलांची. पण तिने त्याहून मोठी एक गोष्ट केली. तिने बघणारा बदलला. बैलगाडीतून किंवा पायी जाणाऱ्याला नदी तासभर दिसत असे. आता हजारो माणसे तीच नदी एका ठरावीक जागेवरून, ठरावीक वेगाने आणि रोज पाहू लागली. दृश्यपरिणामांच्या शास्त्रात पहिला प्रश्न हाच असतो : कोण पाहतो, कुठून पाहतो, किती वेळ पाहतो आणि असे पाहणारे किती आहेत? शहाडच्या पुलाला हे चारही प्रश्न लावता येतात.

रेल्वेमुळेच अंबरनाथचे मंदिर मुंबईच्या विद्वानांच्या आवाक्यात आले. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेतील मंडळींनी तिथे जाऊन रेखाटने केली, शिल्पांचे साचे घेतले. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये मंदिराचे सविस्तर वर्णन आले. त्या काळातली छायाचित्रेही उपलब्ध आहेत. ही कागदपत्रे आपण सहसा कलेच्या इतिहासासाठी वाचतो. आमचे म्हणणे असे, की ती परिसराचा जमाखर्च म्हणूनही वाचावीत. जुन्या छायाचित्रात मंदिरामागे काय दिसते? झाडी, उघडे आकाश, डोंगर. छायाचित्रकाराचे तिकडे लक्षही नसेल, पण त्याने नकळत आपल्यासाठी तुलनेची पहिली नोंद करून ठेवली.

तिसरा थर युद्धाने आणला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्कराच्या छावण्या पडल्या : बसक्या बराकींच्या रांगाच रांगा, क्रमांक दिलेले कॅम्प. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसे तिथे आणली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. नाव नदीवरून ठेवले, उल्हासनगर. ज्या नदीच्या नावाने शहर ओळखले जाते, ती नदी त्या शहराच्या बहुतेक गल्ल्यांतून दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. सुमारे तेरा चौरस किलोमीटर जागेत २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर माणसे राहत होती. बराकींच्या जागी आधी घरे, मग दुकाने, मग मजल्यावर मजले चढले. यातले कितीतरी बांधकाम परवानगीशिवायचे होते. इतके, की ते नियमित करण्यासाठी २००६ साली राज्य सरकारला केवळ उल्हासनगरपुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. सर्वस्व सोडून आलेल्या माणसांनी डोक्यावर छप्पर उभारताना डोंगर दिसतो की नाही याचा विचार केला नाही, यात नवल नाही आणि दोषही नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण सुंदर दृश्याची काळजी हा पोट भरलेल्यांचा छंद आहे असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याकडे आपण पुढे येऊच.

चौथा थर कारखान्यांचा. अंबरनाथला काड्यापेटीचा विम्को कारखाना १९२० च्या दशकातला. स्वातंत्र्यानंतर तिथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आला. उल्हासच्या काठी मोहने येथे नॅशनल रेयॉन आणि शहाडला, १९५६ च्या सुमारास, सेंच्युरी रेयॉन. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि अंबरनाथ, बदलापूर परिसरात औद्योगिक वसाहती वाढल्या. रेयॉनचे कारखाने याच नदीकाठी का आले, हे विद्यार्थ्यांना विचारण्यासारखे आहे. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज. कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या साहाय्याने ते विरघळवून मधासारखा दाट द्रव करतात. तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या द्रावणात सोडला की त्याचे तंतू होतात. तंतू धुवायला पाणी लागते, आणि तेही भरपूर. पाणी नदीने दिले, लगदा व कोळसा आणायला रेल्वे होती, तयार सुतासाठी मुंबई-भिवंडीचे माग होते, आणि कामासाठी हात शोधणारी वस्ती शेजारीच होती.

या कारखान्यांनी क्षितिजावर धुराडी उभी केली. पण गंमत पाहा : या प्रक्रियेतून सुटणारे कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे दोन्ही वायू रंगहीन असतात. डोळ्यांना धुराडे दिसते, त्यातला धूर दिसतो. सडक्या अंड्यासारखा वास देणारा वायू दिसत नाही. उलट बाजूचे उदाहरणही शहाडलाच आहे. बिर्ला उद्योगसमूहाने तिथे विठ्ठलाचे देखणे मंदिर बांधले. लोक त्याला बिर्ला मंदिर म्हणतात आणि लांबून पाहायला येतात. धुराडे आणि शिखर एकाच भांडवलातून उभे राहिले. दृश्याचा हिशेब मांडणाऱ्याने यातले काय खर्चात आणि काय जमेत धरायचे?

आता शास्त्राकडे वळू. त्याची सुरुवात कुठून धरावी यावर मतभेद होतील. आम्ही पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञापासून धरतो, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. एडिंबरोला त्याने एक जुनी मनोऱ्याची इमारत घेतली आणि तिला 'आउटलुक टॉवर' म्हटले. शहराचा आराखडा करण्यापूर्वी माणसाने वर चढून सारा प्रदेश डोळ्यांखालून घालावा, ही त्यामागची कल्पना. १९१४ साली तो भारतात आला, मुंबई इलाख्यातील काही नगरांवर त्याने अहवाल लिहिले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवले. त्याचे आवडते चित्र म्हणजे डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा उभा छेद, आणि त्यात उंचीनुसार बदलत जाणारे माणसांचे धंदे. उल्हासचे खोरे जणू या चित्रासाठीच बनलेले आहे. वर राजमाचीचे डोंगर आणि जंगलावर जगणारे ठाकर-कातकरी, मग कर्जत-बदलापूरची भातखाचरे, कल्याणचे बंदर, खाडीतले कोळी आणि शेवटी वसईचा समुद्र. गेडिस मुंबईत होता तेव्हा या छेदातला बदलापूर-शहाड तुकडा अजून बव्हंशी भातशेतीचाच होता.

कायद्याच्या दरबारात दृश्याला मान मिळाला तो मात्र अमेरिकेत. १९६० च्या दशकात हडसन नदीकाठच्या स्टॉर्म किंग या डोंगरावर एका वीज कंपनीला प्रकल्प उभारायचा होता. स्थानिक लोक कोर्टात गेले. डोंगराच्या देखणेपणाला धक्का पोचतो, ही त्यांची एक मुख्य तक्रार. १९६५ साली न्यायालयाने सांगितले, की परवाना देणाऱ्या संस्थेने निसर्गसौंदर्याचाही विचार करायला हवा होता. वाद पंधरा वर्षे चालला आणि १९८० मध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. दरम्यान तिथला राष्ट्रीय पर्यावरण धोरणाचा कायदा आला. मग सरकारी वनखात्यापुढे प्रश्न उभा राहिला, की सौंदर्याचा विचार करा म्हणजे नेमके काय करा? त्यातून पद्धती निघाल्या. दृश्याचे जवळचा, मधला आणि दूरचा असे पट्टे पाडायचे. उंचसखल नकाशावरून एखादी वास्तू कुठून कुठून दिसेल ते क्षेत्र आखायचे. लोकांना छायाचित्रे दाखवून एक ते दहा गुण द्यायला सांगायचे आणि त्यांची सरासरी काढायची. ब्रिटनमध्ये १९९५ साली यासाठी मार्गदर्शक पुस्तिका निघाली. तिने दोन गोष्टी वेगळ्या केल्या : प्रदेशाचे रूप बदलणे ही एक आणि माणसाला दिसणारे दृश्य बदलणे ही दुसरी. भातखाचर बुजले तर प्रदेश बदलतो, मग ते कोणी पाहत असो वा नसो. खिडकीसमोर भिंत आली तर दृश्य बदलते, जरी डोंगर जागच्या जागी असला तरी.

हा दुसरा बदल आपण साध्या भूमितीने मोजू शकतो. मलंगगडासारखा एक डोंगर आपल्यापासून १५ किलोमीटरवर आहे आणि त्याचा माथा आपल्या डोळ्यांपेक्षा ७०० मीटर उंच आहे असे समजू. पृथ्वीच्या वक्रतेचा परिणाम इतक्या अंतरावर थोडाच असतो, तो सोडून देऊ. १५,००० भागिले ७०० म्हणजे जवळजवळ २१.४. याचा अर्थ, कोणतीही वास्तू आपल्या डोळ्यांच्या पातळीच्या जितकी वर असेल, त्याच्या सुमारे २१ पट अंतराच्या आत असली तर ती तो डोंगर झाकते. डोळ्यांची उंची दीड मीटर धरू. साडेचार मीटर उंच बराक म्हणजे डोळ्यांच्या वर तीन मीटर : ती ६४ मीटरच्या आत असेल तरच डोंगर झाकेल. पंधरा मीटर उंचीची पाचमजली इमारत २८९ मीटरवरूनही झाकते. आणि साठ मीटर उंचीची वीसमजली इमारत सव्वा किलोमीटरवरून. बराकींच्या काळात कॅम्पमधल्या मोकळ्या मैदानावरून डोंगर सहज दिसत असणार, हे गणित सांगते. पाचमजल्यांच्या काळात तो चौकाचौकांतून गेला. बदलापूर, शहाड आणि कल्याणच्या कडेला आता जे टॉवर उभे राहत आहेत, त्यांच्या काळात तो उघड्या माळावरूनही जाईल. राहील तो टॉवरच्या वरच्या मजल्यांवर. जाहिरातीतल्या 'डोंगराच्या दृश्या'ला तिथे दर चौरस फुटामागे जादा पैसे पडतात. दृश्याला किंमत नसते असे म्हणणाऱ्यांनी बिल्डरला विचारून पाहावे. आधी ते सगळ्यांचे होते, मग काहींनी ते विकत घेतले, एवढाच फरक. गरिबाला दृश्याचे काय, या आक्षेपाचे उत्तर आमच्या मते इथे आहे : ज्याला घर निवडता येते तो दृश्य विकत घेतो, ज्याला येत नाही तोच ते गमावतो.

हेच गणित अंबरनाथच्या मंदिराला लावून पाहू. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण, ही व्यवस्था १९९२ च्या अधिसूचनेने आली आणि २०१० च्या दुरुस्तीने ती कायद्यातच घातली गेली. नियम चांगला आहे. पण तो अंतर मोजतो, कोन मोजत नाही. बंदीची हद्द संपते तिथे, १०० मीटरवर, एकवीस मीटर उंचीची इमारत आहे असे समजा. मंदिराच्या अंगणातून ती क्षितिजाच्या वर ११ अंश दिसेल. आता नियंत्रणाची हद्दही संपते तिथे, ३०० मीटरवर, साठ मीटर उंचीचा टॉवर घ्या. तोही बरोबर ११ अंशच दिसतो. म्हणजे नियमाच्या पूर्ण बाहेर राहूनही आकाश तितकेच झाकता येते. खोलगटात, झाडीत दडलेल्या देवळाच्या दृष्टीने हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण तिथे उभा असलेला माणूस सगळीकडे वरच पाहत असतो.

आपल्या देशात दृश्याचा विचार कागदावर नाहीच, असे नाही. प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांची पूर्वतपासणी १९९४ च्या अधिसूचनेने सक्तीची झाली. २००६ च्या सुधारित अधिसूचनेत मोठ्या बांधकामांसाठी एक प्रपत्र आहे. जमीन, पाणी, झाडे, प्राणी, हवा यांच्यानंतर त्यात सौंदर्य असा स्वतंत्र विभाग येतो. या बांधकामामुळे कुणाचे दृश्य अडते का, निसर्गशोभेला बाधा येते का, जवळ पुरातत्त्वीय स्थळ आहे का, असे त्यात विचारले आहे. पण दृश्य कुठून पाहायचे, कोन किती अंश झाला म्हणजे बाधा मानायची, हे त्या प्रश्नात नाही. माप न देता विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर लिहिणे सोपे असते. शिवाय ही तपासणी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांपुरती आहे. उल्हासनगर ज्या लहान लहान इमारतींनी भरले, त्यांतली एकेक या गाळणीतून सहज खाली पडली असती.

एवढे सांगून झाल्यावर या शास्त्राची एक मोठी खोडही सांगायला हवी. डोळा फसतो. उन्हाळ्यात उल्हास नदी मोहने आणि शहाडच्या आसपास जलपर्णीने झाकली जाते. पुलावरून पाहिले तर दूरवर हिरवागार गालिचा आणि त्यावर जांभळी फुले. परगावच्या प्रवाशाला ते दृश्य रम्य वाटेल. पण जलपर्णी इतकी माजते ती पाण्यात सांडपाण्याचे नायट्रोजन आणि फॉस्फरस विपुल असतात म्हणून, आणि तिच्या दाट थराखाली पाण्यातला प्राणवायू कमी होतो. याच नदीतून शहाडजवळ उचललेले पाणी ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरच्या नळांना जाते. वालधुनीची गोष्ट वेगळी. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांमुळे तिचे पाणी कधी निळे दिसे, आणि निळे दिसे म्हणून लोक निदान बोलत तरी. २०१४ च्या नोव्हेंबरात कोणी तरी तिच्यात रसायने सोडली आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना रात्रीत श्वासाचा त्रास झाला, तेव्हा पाण्याच्या रंगाने कोणालाच सावध केले नव्हते. या दोन नद्यांच्या प्रदूषणाबद्दल 'वनशक्ती' या संस्थेने केलेल्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये भरपाईचे आदेश दिले. त्या खटल्यातले पुरावे प्रयोगशाळेतल्या मापांचे होते, दृश्यांचे नव्हेत.

मोकळ्या जागेचेही तसेच. बदलापूरच्या नदीकाठचा सपाट हिरवा पट्टा पाहणाऱ्याला नुसता रिकामा वाटतो. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत, जेव्हा बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा ती जागा कोणाची होती ते दिसले. या बाबतीत जुना नकाशा नव्या छायाचित्रापेक्षा जास्त दाखवतो.

वर्गात करण्यासारखे काम म्हणाल तर फार साहित्य लागत नाही. एक कोनमापक, मधोमध ओळंबा बांधलेला दोरा आणि नजर लावायला शीतपेयाची नळी, एवढ्यावर उंचीचा कोन अर्ध्या अंशापर्यंत मिळतो. शाळेच्या गच्चीवर एक जागा रंगाने खुणेची करावी आणि तिथून दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच तासाला, चारी दिशांचे छायाचित्र घ्यावे. सोबत दिसणाऱ्या प्रत्येक डोंगराचे नाव आणि त्याला झाकणाऱ्या वास्तूचा कोन वहीत लिहावा. छायाचित्रांना गुण देण्याचा प्रयोगही करावा. त्यात जलपर्णीने भरलेल्या नदीचे एक छायाचित्र जरूर मिसळावे आणि गुण गोळा होईपर्यंत ती कोणती वनस्पती आहे ते सांगू नये. मुले दोनदा गुण देतील, एकदा आधी आणि एकदा कळल्यावर. दोन्ही आकडे ठेवावेत. मोहन्याचा रेयॉन कारखाना २००९ मध्ये बंद पडला, तेव्हा तिथली धुराडी धूर न सोडता उभी होती. ज्यांच्या घरचा पगार त्या धुराबरोबर थांबला, त्यांच्या मुलांनी त्या स्वच्छ आकाशाच्या छायाचित्राला किती गुण दिले असते, तेही विचारून पाहण्यासारखे आहे.